वडवानलाचें बेट

और्व ऋषींनीं पितरांच्या सांगण्यावरून आपला क्रोधाग्नि समुद्रांत सोडला व तो वडवामुख होऊन पाणी पीत राहिला, ही कथा आपल्या घरांतील मुलें ऐकतात आणि विचारतात, “पाण्यांत अग्नि विझत कसा नाहीं?” तेव्हां आपण वडील माणसें त्यांस गप्प बसवितों. कथेंत भूगर्भशास्त्र सांगितलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शंकेस उत्तर मात्र आहे.

१४ नोव्हेंबर १९६३ रोजीं सकाळीं आइसलंडच्या दक्षिणेस एका मच्छीमार नौकेवरील लोकांस समुद्रांतून काळा धूर निघतांना दिसला. एखादी नौका जळत असेल म्हणून ते जवळ गेले, तों ते राखेचे लोट! सुमारें १३० मीटर खोल तळ भेदून तप्त शिलारस वर येत होता. दुसऱ्याच दिवशीं तेथें बेट दिसूं लागलें. नॉर्स पुराणांतील सुर्त नामक अग्निदैत्यावरून त्यास ‘सुर्तसे’ हें नांव मिळालें.

शिलारसाची उष्णता १००० अंशांहून अधिक. अति खोल पाण्यांत वरचा दाब वाफेस फुगूं देत नाहीं. रसावर साल धरते व उशीसारखे गोळे थिजतात. उथळ पाण्यांत मात्र वाफ एकदम फुगते आणि रसाच्या ठिकऱ्या उडवून त्याची राख करते. ही राख सुटी राहिली तर लाटांपुढें टिकत नाहीं. सुर्तसेच्या शेजारीं १९६५ सालीं वर आलेलीं दोन लहान बेटें अशींच कांहीं महिन्यांत धुपून नाहींशीं झालीं.

मग सुर्तसे कसें वांचलें? राखेचा कडा उंच होऊन समुद्राचें पाणी मुखापर्यंत पोंचेनासें झालें. स्फोट थांबले, आणि एप्रिल १९६४ पासून रस संथ वाहूं लागला. तो थिजून आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखें कठीण कवच बेटावर चढलें. जून १९६७ मध्यें उद्रेक संपला तेव्हां बेट सुमारें २.७ चौरस किलोमीटर होतें. लाटांनीं त्यांतील जवळजवळ निम्मा भाग नेला, तरी गाभा उभा आहे. पहिलें रोप १९६५ सालींच रुजलें. पुढें पक्ष्यांनींहि घरटीं केलीं.

अग्नीचा जो अंश उसळून फुटला व सुटाच राहिला, तो समुद्रानें नेला. जो संथ वाहून थिजला, त्यावर हिरवळ आली. मुलांनीं पुन्हां विचारलें, तर त्यांस गप्प न बसवितां एवढें अवश्य सांगावें.