एक कॉलम, काळी शाई

साठ-सत्तरच्या दशकांत मराठी नाटकाची जाहिरात म्हणजे वर्तमानपत्राच्या पानावरची एक चिंचोळी चौकट. जागा कॉलम-सेंटिमीटरवर विकत घ्यायची, त्यामुळे निर्माता ती कमीत कमी घेणार. रंग एकच, काळा. कागद न्यूजप्रिंटचा, शाई शोषून पसरवणारा. नाजूक रेषा काढली तर ती छपाईत एक तर तुटणार नाही तर फुगणार. एवढ्यात नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नटसंच, नाट्यगृह, प्रयोगाची वेळ आणि तिकीटविक्री कधीपासून, हे सगळं बसवायचं. आणि शेजारी तशाच आणखी दहा-बारा चौकटी, प्रत्येकीला वाचकाची नजर हवी.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी आपलं मोठं काम या चौकटीत केलं. चित्राला जागा नाही, तर नाटकाचं नावच चित्र व्हायला हवं, हे त्यांनी ओळखलं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून ‘वस्त्रहरण’पर्यंत कितीतरी नाटकांची नावं त्यांच्या अक्षरांत लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. नाटक पाहिलेलं नसलं, तरी जाहिरात आठवते. ऐतिहासिक नाटकाच्या अक्षरांना एक ताठा, फार्सच्या अक्षरांना वेगळीच लकब, कौटुंबिक नाटकाच्या अक्षरांना घरगुती वळण. वाचक नाव वाचायच्या आधीच नाटकाची जात ओळखायचा. पुढे ऑफसेट आला, रंग आले, नटांचे फोटो टाकणं स्वस्त झालं. आज नाटकाच्या जाहिरातीत चेहरे भरपूर असतात, पण अक्षर लक्षात राहिलं असं क्वचित होतं.

हे गतकाळाचं गुणगान नाही. त्या काळातल्याही बहुतेक जाहिराती सुमारच होत्या. मुद्दा कल्पकतेचा आहे. ‘आउट ऑफ द बॉक्स’ हा शब्दप्रयोग आपल्या प्रत्येक एजन्सीत दिवसातून चारदा ऐकू येतो. डिझायनरची कल्पकता वाढवायची तर त्याला मोकळं सोडा, असा सल्ला कार्यशाळांतून मिळतो. मला नेमकं उलटं वाटतं. ग्राफिक डिझायनरला बॉक्स लागतो. गिऱ्हाइकानं तो दिला नसेल, तर त्यानं तो स्वतः आखून घ्यावा.

आपल्याकडच्या दिवाळी अंकांचंच घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मुखपृष्ठाचा विषय जवळपास ठरलेला: स्त्री, दिवा, रांगोळी, फार तर तबक. मडगावात जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला. तिथे चित्रकारही तेच आणि संपादकही तेच, म्हणजे अडवणारं कोणीच नाही. तरी त्यांनी विषय सोडला नाही. हाताळणी बदलत राहिले. कधी लघुचित्रांची सपाट रंगसंगती, कधी भित्तिचित्रांची लय, कधी पाश्चात्त्य आधुनिक चित्रकलेतलं रेषेचं सुलभीकरण. शिवाय छपाई ब्लॉकची. कुठला रंग कुठल्यावर चढला की काय होतं, हे चित्र काढतानाच डोक्यात ठेवायचं. रघुवीर मुळगावकरांनी त्याच विषयातून तुकतुकीत, गुळगुळीत छटांचा मार्ग काढला. तो मला फारसा भावत नाही. पण शंभर पावलांवरून मुळगावकर ओळखू येतात, आणि व्यावसायिक चित्रकारासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

वसंत सरवटे यांचं उदाहरण तर याहून बोलकं. ‘ललित’ हे पुस्तकांना वाहिलेलं मासिक, म्हणून त्याच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा विषयही पुस्तक, लेखक, वाचक, समीक्षक एवढाच. सरवटे वर्षानुवर्षं त्याच विषयावर हास्यचित्र काढत राहिले. पेशानं ते सिमेंट कंपनीतले अभियंते. विषय एवढा अरुंद की दुसरा कोणी तिसऱ्या वर्षी कंटाळला असता. सरवट्यांना मात्र त्यात मराठी साहित्यव्यवहाराची अख्खी कुंडली मांडता आली.

अमूलच्या फलकांमागचं गणितही हेच. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर द कुन्हा आणि कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी ती मुलगी घडवली: निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक, नाक जवळजवळ नाहीच. साठ वर्षं होत आली, मुलगी तीच आहे. चित्र, त्यावर एक कोटी आणि खाली लोण्याची ओळ, एवढाच साचा. बदलते ती फक्त त्या आठवड्याची बातमी. साचा पक्का असल्यामुळे चित्रकाराला मांडणीवर डोकं शिणवावं लागत नाही. सगळी शक्ती त्या एका कोटीवर लागते. दर आठवड्याला कोरा कागद समोर आला असता, तर ही जाहिरात दोन वर्षांत दमली असती.

आता उलट बाजू पाहू. आज काम हाती आलं की डिझायनर पहिल्यांदा काय करतो? पिंटरेस्ट किंवा बिहॅन्स उघडतो, पन्नास नमुने गोळा करतो, त्यांचा ‘मूडबोर्ड’ लावतो आणि मग पेन्सिल उचलतो. उचललीच तर. याबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफी सांडणार नाही असा पेला बनवायला सांगितला. काहींना नमुना म्हणून एक चित्र दाखवलं, त्यात स्ट्रॉ होती. आणि स्ट्रॉ वापरायची नाही, असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत स्ट्रॉ येत राहिली. पाहिलेलं चित्र हाताला धरून बसतं, नको म्हटलं तरी. संशोधक याला ‘डिझाइन फिक्सेशन’ म्हणतात. आपल्याकडच्या स्टार्टअपांचे लोगो रांगेत लावून पाहिले, तर या प्रयोगाला वेगळा पुरावा लागत नाही.

म्हणून नमुने पाहूच नयेत, असं नाही. क्रम बदलावा. आधी कामाचा कागद वाचून हातानं दहा-पंधरा छोटी चौकोनी स्केचेस करावीत. काडेपेटीएवढी पुरे, एवढ्यात तपशील काढताच येत नाही आणि तेच हवं असतं. मग बाहेर पाहावं. आणि बाहेर म्हणजे दरवेळी पडदाच कशाला? अच्युत पालव यांनी विद्यार्थिदशेनंतर मोडी लिपीचा अभ्यास केला आणि तिच्या वळणांतून देवनागरीसाठी ‘मुक्तलिपी’ काढली. ज्या मोडीला आपण दप्तरखान्यात ठेवून विसरलो होतो, तिथून एका सुलेखनकाराची शैली उभी राहिली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. तिथली कारकुनी अक्षरं पाहायला किती कलाविद्यार्थी जातात, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयात विचारून पाहा.

दुसरा प्रयोग थेट आपल्या धंद्यातला. स्टॅनफर्डच्या स्टीव्हन डाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. ३३ जणांना एका मासिकासाठी वेबजाहिरात करायला दिली. सगळ्यांनी आधी पाच-पाच नमुने करायचे, मग शेवटची जाहिरात. अर्ध्यांना प्रत्येक नमुन्यानंतर लगेच अभिप्राय मिळायचा. उरलेल्यांना आधी तीन नमुने एकदम करायला लावून तिन्हींवर एकत्र अभिप्राय, मग दोन करून पुन्हा तसंच. जाहिराती खरोखर इंटरनेटवर लावल्या, तेव्हा दुसऱ्या गटाच्या जाहिरातींवर जास्त क्लिक पडले. त्यांच्या कल्पनांत वैविध्यही जास्त निघालं. एकेका नमुन्यावर बोलणी ऐकणाऱ्यांना मात्र अभिप्राय म्हणजे आपल्यावरची टीका वाटू लागली. हे कोणाही आर्ट डायरेक्टरला सांगायला नको. एकच डिझाइन घेऊन गिऱ्हाइकासमोर बसलेला माणूस त्या डिझाइनचा वकील होतो. तीन घेऊन गेला, तर तिन्हींतल्या कुठल्यात काय मोडलंय, ते तो स्वतःच सांगू लागतो. (‘लोगो जरा मोठा करा’ ही सूचना दोन्ही वेळेला येतेच, तिच्यावर संशोधन नाही.)

एकत्र बसून कल्पना काढायच्या ब्रेनस्टॉर्मिंगबद्दल थोडक्यात. जाहिरातवाले ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी ते लोकप्रिय केलं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं तेव्हा दिसलं, की तितकीच माणसं एकेकटी बसली तर त्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरते. तरी कंपन्यांत पिवळ्या चिठ्ठ्यांच्या बैठका चालूच आहेत, कारण बैठकीत काम झाल्यासारखं दिसतं.

मराठी डिझायनरला आणखी एक चौकट जन्मतःच मिळालेली आहे, ती म्हणजे देवनागरी. तिची मात्र आपण तक्रारच करत आलो. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. एखाद्या अक्षरावर वेलांटी, रफार, अनुस्वार, तर दुसऱ्याच्या खाली उकार किंवा ऋकार. ओळींत अंतर कमी ठेवलं की वरचं आणि खालचं एकमेकांत घुसतात. कॅपिटल अक्षरं नाहीत, तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. म्हणजे इंग्रजी मांडणीत ठसा उमटवायची दोन हत्यारं आपल्याकडे मुळातच नाहीत. इंग्रजीतला लेआउट घेऊन त्यात मराठी ओतली की ती गुदमरते, आणि खापर लिपीवर फुटतं. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हे प्रश्न कागदावर नीट मांडलेले आहेत. ते वाचले जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ज्यांनी हे प्रश्न अंगावर घेतले, त्यांचं काम पाहा. र. कृ. जोशी हे जाहिरातीत कलादिग्दर्शक होते, नंतर पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत. त्यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० सोबत आला आणि कोट्यवधी पडद्यांवर पोचला. त्या काळच्या मंद, दाणेदार पडद्यावर जोडाक्षर फुटू नये, हीच त्याची खरी परीक्षा होती. आज छापील पोस्टरवर ‘मंगल’ लावून तो कोरडा दिसतो म्हणणं अन्यायाचं आहे. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत खुले केले. माझा लाडका मात्र त्यांचा ‘मोदक’. देवनागरी अक्षर किती जाड करता येईल, हा एकच हट्ट धरून तो काढलाय. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा चिरेएवढी उरली आहे, तरी वाचता येतं. एक वेडा नियम घातला आणि त्यातून याआधी नसलेला आकार निघाला.

डीटीपीच्या काळात कोरलड्रॉ आणि ‘श्रीलिपी’ एवढ्यावर गावोगावची दुकानं चालली. फॉन्ट मोजके होते म्हणून लग्नपत्रिका सारख्या दिसतात, असं आपण म्हणायचो. आता फॉन्ट शेकड्यांनी मोफत मिळतात, कॅनव्हावर तयार साचे आहेत, एआयला वाक्य सांगितलं की चित्र हजर. पत्रिका तशाच सारख्या आहेत, फक्त सोनेरी रंग वाढला. एआयला पूर्वी केलेल्या गोष्टींचं सरासरी रूप फार छान काढता येतं. देवनागरी काढताना ते अजूनही कित्येकदा काना-मात्रा गडबडवतं, तो दोष उद्या जाईल. सरासरी जाणार नाही, आणि ती गिऱ्हाइकाला बऱ्याचदा पुरते. डिझायनरनं कुठे उभं राहायचं, ते यावरून ठरवावं.

सगळ्यात अडचणीचा भाग पैशांचा आहे. स्केचेस आधी, नमुने एकदम तीन, मग पाहणी, हे सगळं बोलायला ठीक. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकांची आणि पुस्तकांची कामं एकदम येतात. मुखपृष्ठकाराला शीर्षक आणि चार ओळींचा सारांश व्हॉट्सॲपवर मिळतो. हस्तलिखित तेव्हा मुद्रितशोधकाकडे असतं. मानधन फक्त निवडलेल्या चित्राचं. न निवडलेल्या दोन स्केचेसना किंमत शून्य, म्हणून ती काढलीच जात नाहीत, आणि जे पहिलं सुचलं तेच छापायला जातं. वास्तुविशारदाला आराखड्याच्या टप्प्याचे वेगळे पैसे मिळतात. मुखपृष्ठकाराच्या करारात स्केचच्या टप्प्याचं वेगळं मानधन लिहायला प्रकाशकांना फार खर्च येणार नाही. छपाईच्या खर्चापुढे ती रक्कम क्षुल्लक आहे. हस्तलिखिताची पीडीएफ तर फुकटच पाठवता येते, ती निदान महिनाभर आधी पाठवावी.