कुत्रा आणि मांजर एका घरात?

मांजर दिसले, की कुत्रा धावतो; पण सगळे कुत्रे सारखेच धावत नाहीत. रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड आणि चावा अशा शिकारीच्या पायऱ्या असतात. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली सहसा पाठलागापाशी थांबतो. सशामागे धावणारा आपला कारवान शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो.

असा कुत्रा मांजरासोबत ठेवता येईल का? मोठ्या माणसाने त्याचा पट्टा घट्ट धरावा, मांजर दूर असावे आणि कुत्र्याला हाक मारून पाहावी. त्याने मान वळवली, तर आशेला जागा आहे. अंग ताठ करून तो टक लावूनच राहिला, तर दोघांना एकत्र ठेवू नये.

मात्र बसलेल्या मांजरापाशी शांत असणारा कुत्रा पळत्या मांजरामागे धावणार नाही, असे नाही. म्हणून घरी कोणी नसताना मधले दार बंदच हवे.