मैदानाबाहेरचा प्रेक्षक

गावात दोन नामांकित संघांचा सामना असला म्हणजे मैदानाच्या कुंपणालगतची झाडे आणि आसपासच्या गच्च्या माणसांनी फुलून जातात. तिकीट काढून आत बसलेला प्रेक्षक आणि फांदीवरून डोकावणारा प्रेक्षक, दोघेही तोच खेळ पाहत असतात. मग या बाहेरच्या प्रेक्षकावर संघाच्या मालकाचा काही हक्क पोचतो काय? प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटतो. परंतु अमेरिकेत याच प्रश्नातून पुढे एक प्रचंड व्यवसाय उभा राहिला.

बेसबॉल हा अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय खेळ होय. तेथील मोठमोठ्या शहरांना आपापले संघ असतात आणि नागरिकांना आपल्या संघाचा मोठा अभिमान असतो. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्ग शहरातील केडीकेए या नभोवाणी केंद्राने तेथील पायरेट्स संघाचा फिलाडेल्फियाच्या संघाशी झालेला सामना श्रोत्यांना ऐकवला. हॅरॉल्ड आर्लिन नावाचा तरुण मैदानात बसून खेळाचे वर्णन करीत होता. बेसबॉलच्या मोठ्या संघांच्या सामन्याचे हे पहिले प्रक्षेपण.

या नव्या साधनाची संघमालकांना प्रथम भीतीच वाटली. खेळ घरबसल्या ऐकू आला, तर तिकीट कोण काढील? न्यूयॉर्कमधील तीन संघांनी तर आपसांत करार करून १९३४ पासून पाच वर्षे नभोवाणीला मैदानाची दारे बंद केली. १९३९ साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने ही बंदी मोडली, तेव्हा उरलेल्या दोघांनाही तोच मार्ग धरावा लागला. घरी ऐकलेला खेळ मैदानावर जाऊन पाहण्याची इच्छा उत्पन्न करतो, हे मालकांना हळूहळू कळून चुकले.

मात्र ऐकवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न शिल्लक होता. पायरेट्स संघाने तो हक्क एका कंपनीला विकला होता. त्याच शहरातील केक्यूव्ही या दुसऱ्या केंद्राने एक युक्ती काढली. कुंपणावरून आतला खेळ दिसेल अशी मैदानाबाहेरची जागा त्याने भाड्याने घेतली, तेथे आपली माणसे बसवली आणि ती जे पाहतील ते श्रोत्यांना ऐकवण्यास आरंभ केला. ‘आमच्या जागेतून जे दिसते ते आम्ही सांगतो, यात चोरी कोणती?’ असा त्या केंद्राचा युक्तिवाद होता. १९३८ साली न्यायालयाने तो अमान्य केला. सामना संघ घडवून आणतो, खर्च तो सोसतो. म्हणून खेळ चालू असताना त्याची वार्ता विकण्याचा हक्कही त्याचाच, असा निर्णय झाला. मैदानाची भिंत जणू आकाशापर्यंत उंच झाली!

२६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावरील सामना दूरचित्रवाणीवर दिसला आणि या हक्काचे मोल वाढू लागले. आता आपण एक हिशेब करू. मोठ्या बेसबॉल संघटनेत आज ३० संघ आहेत आणि एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एका सामन्यात दोन संघ असल्याने एकूण सामने २,४३० होतात. इतके सामने देशभर दिसणारे एखादे केंद्र कसे दाखवणार? म्हणून काही मोजके सामने सर्व संघांच्या वतीने एकत्र विकले जातात आणि बाकीचे दाखवण्याचा हक्क प्रत्येक संघ आपल्या प्रदेशात विकत असे. हे स्थानिक सामने दाखवण्यासाठी जी केंद्रे निघाली, तीच प्रादेशिक क्रीडावाहिन्या.

या वाहिन्यांची मिळकत मुख्यतः केबलच्या मासिक वर्गणीतून होई. वर्गणीतील काही भाग क्रीडावाहिनीला मिळे, मग त्या घरात कोणी खेळ पाहो वा न पाहो. लाखो घरांतून आलेल्या या लहान लहान रकमांची मोठी रास होई आणि तीतून संघांना भरपूर मोबदला मिळे. खेळाडूंची वेतनेही तीवर वाढली.

परंतु या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. वाहिनीने प्रदेश विकत घेतला, की त्या प्रदेशात इतर मार्गाने सामना दिसू नये, असा निर्बंध येई. आयोवा राज्यात मोठा बेसबॉल संघ एकही नाही. तथापि शेजारच्या राज्यांतील सहा संघांच्या प्रदेशांत ते मोडत असे. त्यामुळे देशभरचे सामने दाखवणाऱ्या सेवेची वर्गणी भरूनही तेथील माणसाला नेमके जवळच्या संघांचेच सामने दिसत नसत.

लॉस एंजेल्स शहराचा अनुभवही असाच आहे. डॉजर्स संघ १९५८ साली ब्रुकलिन सोडून या शहरी आला. विन स्कली हे त्याचे निवेदक १९५० पासून २०१६ पर्यंत, ६७ हंगाम, या संघाचा खेळ लोकांना सांगत राहिले. २०१४ साली संघासाठी स्वतंत्र वाहिनी निघाली; पण दरावरून तंटा झाला आणि अनेक कंपन्यांनी ती घेतली नाही. परिणामी स्कलींच्या शेवटच्या तीन हंगामांत शहरातील बहुसंख्य घरांना आपला संघ पडद्यावर दिसेना. २०१६ च्या हंगामाअखेरीचे काही सामने मात्र मोफत केंद्रावरून दाखवण्यात आले. तंटा बव्हंशी मिटण्यास २०२० साल उजाडले.

पुढे इंटरनेट आले, लोक केबल सोडू लागले आणि वाहिन्यांचा आधार डळमळला. अनेक प्रादेशिक वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुप या कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी फिनिक्स आणि युटा येथील बास्केटबॉल संघांनी आपले सामने साध्या अँटेनावर, विनाशुल्क दिसतील अशी व्यवस्था केली. अधिक घरे जोडली जावीत, हा त्यांचा हेतू होता.

आपल्या देशातही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००७ च्या कायद्यानुसार, राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने दाखवणाऱ्या वाहिनीला ते प्रसार भारतीलाही द्यावे लागतात. त्यामुळे वर्गणी न भरणाऱ्या घरालाही ते पाहता येतात.

सामना भरवणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. त्यावाचून मैदाने राखली जाणार नाहीत आणि खेळाडूही पोसले जाणार नाहीत. पण संघाला जो मान मिळतो, तो त्याच्यावर जीव लावणाऱ्या माणसांमुळे. आज ज्या मुलाला आपल्या गावचा संघ दिसत नाही, ते उद्या त्याच्यासाठी तिकीट काढून मैदानावर येईलच असे नाही. म्हणून भिंत बांधताना तिच्यात एखादी खिडकी ठेवणे, हे मालकाच्याही हिताचेच असते.