उपग्रहचित्र आणि जमिनीवरील खुणा

उपग्रहानें टिपलेलें चित्र म्हणजे नकाशा नव्हे. २००५ सालीं सोडलेल्या कार्टोसॅट-१ चा एक कॅमेरा २६ अंश तिरपा पाहत असे; त्याच्या चित्रांत १०० मीटर उंच टेकडीचा माथा स्वस्थानापासून सुमारें ५० मीटर ढळलेला दिसे. म्हणून रस्त्यांचे चौक, बांधांचे कोपरे अशा जागा निवडून त्यांचे अक्षांश, रेखांश व उंची जीपीएस यंत्रानें मोजतात आणि टेकड्यांच्या उंचीचा हिशेब धरून चित्र त्यांवर बसवितात. झाडाची सावली मात्र खूण म्हणून कुचकामी. ती दिवसभर चालतच असते! कांहीं मोजलेल्या जागा राखून ठेवाव्या लागतात. ज्यांवर चित्र बसविलें त्या जुळणारच. खरी चूक राखीव जागांवर कळते. ती ५ मीटर निघाली, तर त्या चित्रावरून बांधाचा तंटा तोडणें हा अन्यायच होय.