भाताचं रोप आपली उंची कशी ठरवतं? हरितक्रांतीमागच्या एका जनुकाची गोष्ट

भाताला भरपूर युरिया दिला की रोप तरारून उंच होतं. पण लोंब्या भरल्या की तेच रोप वाऱ्यापावसात आडवं पडतं आणि हाती आलेलं पीक जातं. १९६०च्या दशकापर्यंत आशियातल्या पारंपरिक भाताची हीच अडचण होती. यातून वाट काढली ती एका बिघडलेल्या जनुकाने.

उंची वाढवतं कोण?

खोड लांबवणारं एक महत्त्वाचं हार्मोन म्हणजे जिबरेलिन. द्राक्षबागायतदार त्याला 'जीए' म्हणून ओळखतात. बिनबियांच्या द्राक्षांचे मणी फुगवण्यासाठी घड त्याच्याच द्रावणात बुडवतात.

रोप स्वतः हे हार्मोन टप्प्याटप्प्याने बनवतं. प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम लागतं आणि ते कसं बनवायचं, याची माहिती जनुकात असते.

मग रोप वाढतच का जात नाही?

पेशीत 'डेला' नावाची प्रथिनं असतात. ती वाढीचा ब्रेक आहेत. जिबरेलिन आलं की डेला नष्ट होतात आणि वाढ सुरू होते.

पण जिबरेलिन बनवणारी जनुकं चालू ठेवायला डेलाच मदत करतात. त्यामुळे डेला कमी झाल्या की ही जनुकं मंदावतात आणि जिबरेलिन निकामी करणारी जनुकं जोर धरतात. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, तसंच.

बिघाड कामी कसा आला?

१९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-८' हे बुटकं वाण आणलं. हा बुटकेपणा तैवानच्या 'डी-जिओ-वू-जेन' या भातातून आला होता. त्याचं कारण २००२ मध्ये उलगडलं. त्या भाताच्या 'एसडी-१' जनुकाचा एक तुकडाच गायब होता. त्यामुळे जिबरेलिन कमी बनायचं आणि खोड आखूड राहायचं. फुलोऱ्यात तेच काम करणारं दुसरं जनुक मात्र शाबूत होतं, म्हणून दाण्यांना फटका बसला नाही. खत पचवूनही पीक उभं राहिलं आणि उत्पादन वाढलं.

पुरात मात्र उलटं

बांगलादेशात पुराच्या पाण्यात तग धरणारे भात आहेत. रोप बुडालं की त्यात इथिलिन वायू साठतो. हा इशारा मिळताच एसडी-१ जोरात चालू होतं, जिबरेलिन वाढतं आणि खोड झपाट्याने पाण्याबाहेर डोकं काढतं. २०१८ मध्ये संशोधकांनी हे दाखवून दिलं.

म्हणजे जे जनुक बिघडल्यामुळे कोट्यवधी लोकांच्या ताटात भात आला, तेच शाबूत असल्यामुळे पूरग्रस्त शेतातलं पीक वाचतं.