त्वरणाचा पाठ : व्याख्येपूर्वी मोजमाप

उच्च प्राथमिक वर्गांत गतीचा पाठ घेताना असा अनुभव येतो की, विद्यार्थी चाल, वेग व त्वरण यांच्या व्याख्या बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु उदाहरण किंचित बदलताच गोंधळतात. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. व्याख्या हे मोजमापाचे सार होय. मोजमापच केले नाही, तर सार कशाचे काढावयाचे? म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी पुढील क्रमाने पाठ घेऊन पाहावा.

प्रथम चाल व वेग. ओढ्याला वळसा घालून शाळेत येणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्यावे. वाट ६०० मीटर. पण सरळ रेषेत शाळा घराच्या पूर्वेस ३०० मीटर. वेळ १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद. कापलेले अंतर ६०० मीटर, म्हणून सरासरी चाल सेकंदास १ मीटर. विस्थापन ३०० मीटर, म्हणून सरासरी वेग सेकंदास अर्धा मीटर, पूर्वेकडे. चालीला दिशा नसते. वेगाची दिशा सांगावीच लागते. मुलगा घरी परतला, की जाऊन-येऊन विस्थापन शून्य. "मग तो चाललाच नाही काय?" असा प्रश्न वर्गातून आला, तर पाठ निम्मा साधला असे समजावे.

आता त्वरण. शाळेत साहित्य नाही, ही अडचण येथे आड येत नाही. गॅलिलिओ यांच्यापाशीही सेकंद दाखविणारे घड्याळ नव्हते. उतरत्या खोबणीतून गोळी सोडून, तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेले पाणी तोलून त्यांनी काळ मोजला. हा प्रयोग त्यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वर्णिला आहे.

आपल्याला दोन मीटर लांबीची पत्र्याची पन्हळ व एक काचेची गोटी पुरे. पन्हळीचे एक टोक अकरा-बारा सेंटीमीटर उचलावे. सुमारे एक मीटर दोरीला दगड टांगून हलकाच झोका द्यावा; एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यास त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. एका मुलाने त्या ठेक्यावर टाळी वाजवावी. पहिल्या टाळीस गोटी सोडून पुढील प्रत्येक टाळीस ती जेथे असेल तेथे इतरांनी खडूने खूण करावी. प्रयोग पाच-सहा वेळा करून सरासरी काढावी.

समजा, खुणा २०, ८० व १८० सेंटीमीटरवर आल्या. म्हणजे पहिल्या सेकंदात २०, दुसऱ्यात ६० व तिसऱ्यात १०० सेंटीमीटर अंतर कापले गेले. दर सेकंदास वेगात ४० सेंटीमीटर प्रति सेकंद इतकी भर पडली. हेच त्वरण. "प्रति सेकंद" हे शब्द दोनदा का येतात, हे आता निराळे सांगावे लागत नाही.

प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येणार नाहीत. ते जसे येतील तसेच फळ्यावर लिहावेत. पुस्तकाशी जुळविण्यासाठी बदलू नयेत. आकडा बदलावयास शिकलेले मूल विज्ञानास कायमचे मुकते.

शेवटी एक प्रश्न विचारावा : वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूस पोहोचला, त्या क्षणी त्याचे त्वरण किती? बहुतेक मुले "शून्य" म्हणतील. वस्तुतः त्या क्षणी शून्य असतो तो वेग. त्वरण खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद असतेच. तसे नसते, तर चेंडू वरच राहिला असता. हे उत्तर ज्या मुलास स्वतः सुचेल, त्यास व्याख्या पाठ करावी लागणार नाही.