विमानतळावरचं लाउंज : वर्गणी भरावी का?

किंमत आणि मूल्य या दोन शब्दांतला फरक आपण या मालेत रोजच्या व्यवहारातली उदाहरणं घेऊन पाहतो आहोत. आजचं उदाहरण थोडं श्रीमंती वाटेल, पण सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं परदेशात आहेत, त्यामुळे ते आपल्या घरात येऊन पोचलेलं आहे. मुलगा फोनवर सांगतो, ‘बाबा, लाउंजची मेंबरशिप घेऊन टाका, आरामात बसाल.’ आता ती घ्यावी का? प्रश्न साधा दिसतो, पण तो नीट सोडवायचा तर तीन वेगवेगळे प्रश्न सुटे करावे लागतात. हिशोबात परवडतं का, हा पहिला. आपण ते खरंच वापरतो का, हा दुसरा. आणि आपण नेमकं विकत काय घेतो, हा तिसरा. क्रमाने जाऊ.

आधी थोडा इतिहास. विमानतळावर वेगळी बैठकीची खोली ही कल्पना अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर आणली. नाव होतं ॲडमिरल्स क्लब. सुरुवातीला तिथे पैसे देऊन जाता येत नसे. कंपनीला जे लोक महत्त्वाचे वाटत त्यांनाच आमंत्रण असे. पैसे भरून सभासद होण्याची पद्धत नंतरची. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास ही योजना निघाली आणि कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही वर्गाचं तिकीट असलं तरी एका कार्डावर अनेक विमानतळांची लाउंज उघडी झाली. म्हणजे आमंत्रण, मग वर्गणी, मग कार्ड, अशा तीन पायऱ्या. हा क्रम लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

हिशोब

प्रायॉरिटी पासचे २०२४ च्या सुमाराचे अमेरिकेतले दर उदाहरणादाखल घेऊ. तीन प्रकार होते. पहिल्यात वर्षाला ९९ डॉलर, आणि शिवाय प्रत्येक भेटीला ३५ डॉलर. दुसऱ्यात वर्षाला ३२९ डॉलर, त्यात दहा भेटी मोफत, पुढे प्रत्येकी ३५. तिसऱ्यात ४६९ डॉलर, सगळ्या भेटी मोफत. सोबत कुणाला नेलं तर त्याचे प्रत्येक वेळी ३५ डॉलर वेगळे. डॉलर ढोबळमानाने ८५ रुपये धरला, तर हे आकडे साधारण ८,४००, २८,००० आणि ४०,००० रुपये, आणि एक भेट ३,००० रुपये. दर बदलत असतात. घरी गेल्यावर त्या दिवशीचे दर बघून हाच हिशोब पुन्हा मांडा, रीत बदलत नाही.

आता एक जोडपं घेऊ. दोघंही निवृत्त. पुण्याहून टॅक्सीने मुंबईला, तिथून दुबईमार्गे अमेरिका, सहा महिन्यांनी त्याच वाटेने परत. वर्षातून हा एकच प्रवास. जाताना मुंबई आणि दुबई, येताना अमेरिका आणि दुबई, अशी चार ठिकाणं. माणसं दोन, म्हणजे भेटी आठ. सभासद एकटे काका, काकू त्यांच्या पाहुण्या.

पहिला प्रकार घेतला तर ९९ अधिक आठ वेळा ३५, म्हणजे ३७९ डॉलर. दुसरा घेतला तर काकांच्या चार भेटी मोफत, काकूंचे चार वेळा ३५, मिळून ४६९. तिसरा घेतला तर ६०९. ‘मोफत भेटी’ हा शब्द ज्यात जास्त, तो प्रकार या जोडप्याला जास्त महाग पडतो. सगळ्यात स्वस्त पर्यायातसुद्धा एका माणसाची एक भेट ४७ डॉलरला, म्हणजे चार हजार रुपयांना पडली.

एवढ्यात ‘महाग आहे’ असं म्हणून थांबू नका. तुलना कशाशी करायची, हे ठरवायला पाहिजे. समजा लाउंज नसतं, तर त्यांनी बाहेर काहीतरी खाल्लं असतंच. प्रत्येकी, प्रत्येक वेळी आठशे रुपयांचं धरा. आठ वेळचे ६,४०० झाले. लाउंजचे ३२,०००. वरचे जे पंचवीस-साडेपंचवीस हजार, ते खाण्याचे नाहीत. ते बरी खुर्ची, स्वच्छ प्रसाधनगृह, थोडी शांतता आणि कुठे असलीच तर अंघोळीची सोय, याचे आहेत. प्रश्न असा विचारायचा, की या गोष्टींना हे जोडपं पंचवीस हजार मोजेल का? ‘जेवण किती प्रकारचं असतं’ या चर्चेत हा प्रश्न हरवतो.

दुसरं टोक बघू. पुण्याहून बंगळूरला महिन्यातून दोनदा जाऊन येणारा नोकरदार. वर्षाला ४८ उड्डाणं. त्याने ४०,००० भरले तर भेट साडेआठशेच्या आत पडते. आकड्यात परवडलं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की तो एरवी छोटी बॅग घेऊन तासभर आधी पोचला असता. लाउंज आहे म्हणून दोन तास आधी निघायला लागला, तर वर्षाचे ४८ तास, म्हणजे पूर्ण दोन दिवस, त्याने विमानतळाला जास्तीचे दिले. ते दोन दिवस कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, हे करताना जे सोडलं त्याची किंमत.

वापर

दुसरा प्रश्न, आपण ते वापरतो का? इथे व्यायामशाळांचा एक अभ्यास उपयोगी पडतो. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांमधले महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडत होती. ही माणसं काही अडाणी नव्हती. पैसे भरताना माणूस उद्याच्या स्वतःची कल्पना करतो, आणि तो उद्याचा माणूस आजच्यापेक्षा नेहमीच जरा उत्साही असतो.

लाउंजचंही तसंच. भरताना डोळ्यांसमोर निवांत बसलेले आपण असतो. प्रत्यक्षात काय होतं बघा. इमिग्रेशनची रांग लांबते. लाउंज एका टोकाला आणि आपलं गेट दुसऱ्या टोकाला. गर्दीच्या वेळी लाउंज भरलेलं असलं तर कार्डवाल्यांना थांबवतात, आणि तसं करण्याची मुभा नियमांतच असते. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. पुष्कळ लाउंजांत विमान सुटण्याच्या साधारण तीन तास आधीपासूनच प्रवेश मिळतो. पुणे, नाशिक, कोल्हापूरची मंडळी घाट, ट्रॅफिक, पाऊस यांच्या भीतीने सहा-सहा तास आधी मुंबईला येऊन बसतात. ज्या तासांना लाउंज हवं असतं, त्या तासांना ना सामान घेतलं जात, ना लाउंजपर्यंत पोचता येतं. आणि लाउंज बहुधा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतं.

याच्या उलटही घडतं. एकदा भरले म्हणून वसूल करायला जाणं. पोट भरलेलं असताना तिसरी प्लेट घेणं, आणि मग आठ तास विमानात अवघडून बसणं. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाटकाच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण पैसे देणारे लोक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या निम्म्यात जास्त वेळा नाटकाला आले. नाटकं तीच होती. गेलेले पैसे परत येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पाय मात्र त्या पैशांमागे चालत राहतात. म्हणून एक साधी कसोटी सुचवतो आम्ही : ‘कार्ड नसतं तर या क्षणी दारावर तीन हजार रुपये देऊन आपण आत गेलो असतो का?’ उत्तर ‘हो’ आलं, तरच त्या भेटीला तीन हजारांचं मूल्य लावा. नाहीतर जेवढे दिले असते तेवढंच लावा.

भारतात बऱ्याच जणांना लाउंज क्रेडिट कार्डावर मिळतं. मशीनवर दोन रुपये कापले जातात आणि आपण म्हणतो, दोन रुपयांत जेवलो. लाउंजवाल्याला त्या भेटीचे पैसे बँकेच्या बाजूने जातात, आणि बँक ते कुठूनतरी भरून काढते. २०२४ पासून अनेक बँकांनी अट घातली, की आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च झाला असेल तरच प्रवेश. कुठे ३५ हजार, कुठे ५० हजार. घरखर्च तसाही कार्डावर होत असेल तर हरकत नाही. पण लाउंज टिकावं म्हणून दहा हजारांची नको असलेली खरेदी झाली, तर त्या इडली-सांबाराची किंमत दहा हजार दोन रुपये.

आपण विकत काय घेतो?

आता तिसरा प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरा रस इथे वाटतो. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकात वस्तूंचा एक वर्ग वेगळा काढला. काही वस्तूंचं मूल्य इतरांकडे त्या नसण्यावर अवलंबून असतं. भाकरी सगळ्यांना मिळाली म्हणून आपल्या भाकरीची चव जात नाही. शांत खोली मात्र सगळ्यांना मिळाली की शांत राहत नाही. आता ती आमंत्रण, वर्गणी, कार्ड अशी साखळी आठवा. प्रत्येक पायरीला दार रुंद झालं आणि आतली शांतता कमी झाली. आज काही लाउंजांच्या दाराशी जी रांग दिसते, ती योजना फसल्याची खूण नाही. योजना यशस्वी झाल्यामुळेच ती रांग लागली. म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर पुढच्या वर्षाची वर्गणी भरताना जरा जपून.

आणखी एक विचार आल्बर्ट हर्शमन यांचा, १९७० च्या पुस्तकातला. एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणं किंवा तक्रार करणं. ज्यांच्याकडे पैसा आणि वजन आहे तेच आधी सोडून गेले, तर तक्रार करायला मागे कमजोर लोक उरतात, आणि व्यवस्था आणखी बिघडते. विमानतळावर बाकं कमी, चहा महाग, पाण्याचा नळ कोपऱ्यात. ज्यांचं म्हणणं ऐकलं गेलं असतं ते काचेच्या दारापलीकडे बसलेत, त्यांना हे दिसतच नाही. याच्या उलट उदाहरणही आहे. विमानतळावरच्या महागड्या चहापाण्याचा विषय संसदेत निघाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू झालं. चहा दहा रुपये, पाणी दहा रुपये, समोसा वीस. पुढे चेन्नईलाही तसं कॅफे आलं. तक्रारीने काय होतं, याला हे उत्तर. लाउंज वापरू नका, असं आमचं म्हणणं नाही. आत गेल्यावर बाहेरच्या बाकांचा विसर पडू देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

मग निष्कर्ष काय? वर्षाला एक-दोन प्रवास असतील तर वर्गणी भरू नये. एखादा थांबा पाच-सहा तासांचा असेल तर तेवढ्यापुरता प्रवेश विकत घ्यावा, तो अनेक ठिकाणी मिळतो. दहाच्या वर प्रवास, त्यातले बरेच लांब थांब्यांचे, आणि कार्डावर सोय नाही, असं असेल तर भरायला हरकत नाही. मधल्यांनी गेल्या वर्षीची बोर्डिंग पास काढावीत आणि खरोखर किती वेळा दोन तास रिकामे होते ते मोजावं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, मुलाच्या कार्डावर आम्हा दोघांना फुकट जाता येईल, असं तो म्हणतो.*

बँकेला दोन गोष्टी विचारा. तुमच्या नावाचं पुरवणी कार्ड आहे का, आणि पाहुण्याचे पैसे लागतात का? मुलगा सोबत नसताना त्याचं कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही, कारण कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळावं लागतं.

*प्रश्न : माझे गुडघे दुखतात. पण स्वतःच्या आरामासाठी तीन हजार घालवायचे, हे मनाला पटत नाही. ही उधळपट्टीच ना?*

नाही ताई. आजच्या सगळ्या हिशोबाचा अर्थ ‘खर्च करू नका’ असा लावू नका. नातवासाठी तीन हजारांचं खेळणं घेताना आपण हा प्रश्न विचारत नाही, स्वतःच्या गुडघ्यांसाठीच विचारतो. आधी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, तिचे बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत आणि रांगेत उभं राहणं वाचतं. थांबा लहान असेल तर तेवढ्याने भागेल. मोठा असेल, पाय पसरून बसायची गरज असेल, तर त्या एका ठिकाणी तीन हजार द्या आणि आत जाऊन बसा. तिथे काही खाल्लं नाहीत तरी चालेल. तुम्ही खुर्चीचे पैसे दिलेत, आणि ती खुर्ची तुम्हाला हवी होती.